सोळा चौकटी

बाराशे अडतीस. आकडा वाचून मला चक्क बरं वाटलं. चला, या महिन्यात क्लाउडचं बिल आटोक्यात आलं. मेल मोबाइलवर उघडला होता, काल्हेरच्या ऑफिसचा जिना चढताना, एका हातात डबा आणि खांद्यावर पर्स. आकड्याच्या डावीकडची खूण अंगठ्याखाली गेली होती. वर जाऊन पंखा लावला, कॉम्प्युटरवर तेच बिल पुन्हा उघडलं, तेव्हा डॉलर दिसले. रुपयांत लाखाच्या वर. मग मी उठून टेबलावरची धूळ पुसली, कीबोर्ड उलटा करून झटकला, पाणी प्याले. वाईट बातमी आली की मी आधी साफसफाई करते. कुणाल पहिल्यांदा दोन दिवस घरी आला नव्हता, तेव्हा मी गॅसच्या शेगडीचे बर्नर घासून काढले होते. बर्नर लखलखीत झाले. कुणाल तिसऱ्या दिवशी कोनच्या नाक्यावर सापडला.

कुणाल माझा नवरा. ऑफिस त्याच्या मोठ्या भावाचं, म्हणजे मनोजदादांचं, आणि मी तिथे हिशेब बघते. सासऱ्यांच्या भातशेतीवर उभी राहिलेली तीन गोदामं आमची आहेत, भिवंडीजवळच्या राहनाळ, काल्हेर आणि कोन या गावांत. त्यांत आम्ही ऑनलाइन विकणाऱ्यांचा माल ठेवतो. कोणता खोका कुठल्या रॅकवर याची नोंद आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असं सगळं क्लाउडवर असतं, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर, भाड्याने. हे मी दादांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते खूप हसले होते. "आपण लोकांना गाळे देतो, आणि आपलाच माल दुसऱ्याच्या गाळ्यात?" तेव्हापासून त्यांच्या डोक्यात क्लाउड म्हणजे गाळा. गाळ्याचं भाडं जागेवर ठरतं, त्यामुळे गेल्या महिन्यात बिल एकदम चौपट आलं, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला होता. गाळा रिकामा करा. मी दोन वर्षांचं जुनं रेकॉर्डिंग काढून टाकलं. कुणी मागितलंच तर काय सांगायचं, याची धास्ती घेऊन दोन दिवस बसून काढलं. आणि आता बिल दुप्पट. भिवंडीत जन्म काढलेली माणसंच अशी चूक करू शकतात. आम्हाला वाटतं, पैसे नेहमी ठेवण्याचे पडतात.

दादांना सांगायच्या आधी मी बिल वाचायला घेतलं. तोवर मी त्याचं पहिलं पान आणि शेवटची बेरीज एवढंच बघत असे, सगळेच बघतात तसं. आत बावीस पानं होती. एकेक ओळ म्हणजे काही तास, काही डेटा, एक न उच्चारता येणारं नाव आणि पुढे पैसे. वीज मंडळाच्या बिलातसुद्धा माणसाला कळतील असे दोन-तीन शब्द असतात. इथे मी पट्टी घेतली, एकेका ओळीखाली धरली आणि जे कळत नव्हतं ते शोधून समासात लिहीत गेले. साठवणुकीचे पैसे खरंच कमी झाले होते, पण ते मुळातच थोडे होते. आत येणाऱ्या डेटाचा खर्च शून्य होता. बाहेर जाणाऱ्या डेटाचे हजार डॉलर झाले होते. मग आणखी एक गोष्ट सापडली. खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की इशारा द्यायची सोय होती आणि आमचे इशारे अगदी व्यवस्थित जात होते. ते ठाण्याच्या ज्या माणसाने हे सगळं बसवलं त्याच्या जुन्या ईमेलवर जात होते आणि तो केव्हाच दुबईला गेला होता. कुणीच वाचत नसलेल्या पत्त्यावर कुणीतरी नेमाने ओरडत राहावं, याचं मला जरा वाईट वाटलं. मी तिथे माझा पत्ता घातला.

"आत यायला फुकट आणि बाहेर न्यायला पैसे?" दादा हसून म्हणाले. "असला कसला गाळा? आपण हमाली दोन्ही वेळेला घेतो." मग ते हसायचे थांबले. दादा वाईट नाहीत. बोलतात मोठ्याने, खर्च करतात मोठा, आणि हिशेब मात्र बारीक ठेवतात. त्यांनी बिल माझ्याकडे सरकवलं. "बाहेर जातंय म्हणजे कोणीतरी नेतंय. कधीपासून?" मी सांगितलं, दोन महिन्यांच्या आतली गोष्ट आहे. त्यांनी बिलावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. कारण कुणाल राहनाळच्या गोदामात ड्युटीवर लागला तो नेमका याच सुमाराला.

पाच वर्षं दारूत गेली होती. मग व्यसनमुक्ती केंद्र, मग घरी नुसतं बसणं, आणि मग आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दादांच्या मागे लागून त्याला राहनाळला सुपरवायझर म्हणून लावून घेतलं. पिण्याच्या दिवसांत त्याने याच गोदामातल्या इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या विकल्या होत्या. तेव्हा दादांनी त्याला मारलं नाही, पोलिसांत दिलं नाही, फक्त नव्या बॅटऱ्या आणल्या आणि कुलूप बदललं. आता त्यांना वाटत होतं की तो कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग किंवा मालाच्या याद्या उतरवून कुणाला तरी देतोय. कुठल्या पार्टीचा किती माल पडून आहे, हे कळायला बाजारात पैसे देणारे लोक असतात. "मी आरोप नाही करत," दादा म्हणाले. "सोमवारपर्यंत शोध. नाहीच कळलं तर त्याला तिथून काढतो आणि नाशिकच्या गाडीवर टाकतो. बसून राहण्यापेक्षा बरं." नाशिकची गाडी म्हणजे रोज दोन ढाबे, ड्रायव्हर, क्लीनर आणि संध्याकाळ. दादांना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो आकडा होता आणि माझ्या डोळ्यांसमोर ढाबा.

त्या संध्याकाळी कुणाल घरी आला, नेहमीसारखा सरळ स्वयंपाकघरात शिरला, माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आयलो." मी त्याच्या हातून डब्याची पिशवी घेतली आणि घेताना श्वास आत ओढला. मी रोजच ओढते. त्याला कळू नये म्हणून पिशवीकडे बघत ओढते. घाम, पुठ्ठ्याचा वास, बडीशेप. बडीशेपेवर मी थोडी थांबते, कारण पूर्वी तो वास झाकायलाच बडीशेप खायचा. तेवढ्यात तो हात धुवायला गेलेला असतो. त्याच्यावर माझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, आणि ते खोटं नाही. पण तो विश्वास नाकातून जाऊन यावा लागतो. त्या दिवशी मी त्याला बिलाचं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि ते नाही कसलं आहे ते मला ओळखता आलं नसतं. पूर्वीचीही सगळी 'नाही' अशीच शांत असायची.

क्लाउडवर प्रत्येक गोष्टीला नावाची चिठ्ठी लावता येते, म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर पडतोय ते वेगळं दिसतं. आम्ही तीन वर्षांत एकही चिठ्ठी लावली नव्हती. मी तिन्ही गोदामांच्या नावाने चिठ्ठ्या लावल्या आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, कोन निघू दे, काल्हेर निघू दे. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे वेगवेगळे होऊन आले. काल्हेर किरकोळ, कोन किरकोळ. सगळं राहनाळ. मग मी राहनाळचा मागच्या महिन्यापासूनचा तासागणिक आलेख काढला, आणि तो काढला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. सकाळी नऊला रेघ सरळ वर चढत होती आणि संध्याकाळी सातला धपकन खाली येत होती. रविवारी काहीच नाही. नऊ ते सात ही कुणालची ड्युटी, आणि रविवार त्याची सुट्टी. दादा माझ्या खुर्चीमागे येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. "बघ," ते हळू म्हणाले, "तो आला की चालू, गेला की बंद. सीधी बात आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

मी आलेखाकडे बघत बसले. मला त्या रेघेचा राग आला, आणि मग कुणालचा आला, आणि मग स्वतःच्या शहाणपणाचा. आकडे वाचायला शिकले नसते तर निदान शंकेचा फायदा त्याला मिळाला असता. केंद्रातून त्याला आणायला गेले होते तेव्हा तिथल्या बाईंनी मला एक गोष्ट बजावली होती, त्याच्या मागे मागे फिरू नका. मी फिरत नव्हते. मी फक्त एका बिलाच्या मागे गेले होते आणि ते त्याच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं. पण पुष्कळ वेळ बघितल्यावर एक गोष्ट मला खटकायला लागली. चोरी करणारा माणूस दिवसभर इतक्या सपाट वेगाने चोरी करत नाही. तो दहा मिनिटं करतो आणि थांबतो, निदान जेवायला तरी उठतो. ही रेघ एकदाही उठली नव्हती. हे उतरवणं नव्हतं, हे कुणीतरी सलग बघत होतं.

कॅमेऱ्यांचा मुख्य पासवर्ड लडकूकडे असतो. लडकू कोनचा, आमच्या सगळ्या गोदामांत कॅमेरे त्यानेच बसवले. मी शनिवारी सकाळी फोन केला तेव्हा तो जरा जास्तच वेळ घुटमळला. "वहिनी, देतो, पन काय झालाय ते सांगा ना." मी म्हटलं, बिल झालंय. "पासवर्ड देतो. पन माझा नाव नका घेऊ हां कुठं," असं म्हणून त्याने तो दिला आणि मला काही विचारायच्या आत फोन ठेवून दिला. आत थेट बघणाऱ्यांची यादी होती. यादीत एकच यंत्र होतं, मोबाइल नव्हे, कॉम्प्युटर नव्हे, टीव्ही. सोळाच्या सोळा कॅमेरे एका वेळी, सगळे पूर्ण दर्जाचे, नऊ ते सात. टीव्हीच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नाव पुढे होतं. त्या टीव्हीचे हप्ते मीच भरले होते. तो आमच्या घरी, पुढच्या खोलीत, भिंतीवर होता.

मी डबा तसाच ठेवून रिक्षाने घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आई जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात सुपात जवळा निवडायला घेतलेला, आणि समोर टीव्ही आवाजाविना चालू. पडद्यावर सोळा चौकटी. रॅक, शटर, रस्ता, वजनकाटा, खोके, पुन्हा रॅक, माणसं मुंग्यांएवढी. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही. त्या खालच्या रांगेतल्या एका चौकटीकडे बघत होत्या आणि हाताने जवळ्यातला कचरा अचूक बाजूला काढत होत्या. मला वाटलं होतं मी आत जाऊन काहीतरी कडक बोलेन. मी चप्पल काढली आणि त्यांच्याशेजारी बसले.

"तू कशी आयलीस?" त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "कलला तुला."

"कधीपासून बघता आई?"

"तो लागला तवापासून. मीच लडकूला बोलावला. बोलले, मना राहनाळ दाखव यावर." त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "पाच वर्सां मी कानानं काढली. गेट वाजला का उठायची. आता डोल्यांनी बघते. जास्त काय करते?"

मी त्यांना बिलाचं सांगितलं. रुपयांतच सांगितलं. त्यांनी विचारलं, "बघायचं पैसं लागतान?" हा प्रश्न त्यांनी मला अगदी साधेपणाने विचारला. बावीस पानं वाचून मला जे कळलं होतं ते एवढंच होतं. त्यांना पंधरा चौकटींशी काही देणंघेणं नव्हतं, एका चौकटीपुरतंच होतं, पण लडकूने सोळा लावून दिल्या आणि त्या सोळा तशाच राहिल्या. "त्याला नको सांगू," त्या म्हणाल्या. "त्याला वाटंल, आईचा इश्वास न्हाय."

"आहे का?"

"सकाळचे असतो," आई म्हणाल्या. "दुपारपरेंत कमी होतो. मंग तो जेवाला बसला का मी बी जेवते, का परत येतो."

तेवढ्यात खालच्या रांगेत कुणाल आला. मी त्याला असा कधी बघितला नव्हता, वरून, एकटा, मी आहे हे त्याला माहीत नसताना. केस विरळ झालेत. डाव्या पायावर जरा जास्त भार देतो. त्याने शटरजवळचं एक लाकडी पॅलेट ओढलं, उन्हाच्या पट्ट्यात टाकलं आणि त्यावर बसून डबा उघडला. मला नवल वाटलं. राहनाळला केबिन आहे, केबिनमध्ये टेबल आहे, कूलर आहे, बाकीचे सगळे तिथेच जेवतात. तो मात्र उन्हात बसला होता, भिंतीकडे नव्हे तर आमच्याकडे तोंड करून. डब्याचा एकेक कप्पा काढून तो जरासा तिरका धरत होता, मग खाली ठेवत होता. भाजी, भात, तळलेली मांदेली. सकाळी मीच भरलेली. आईंनी स्वतःचं ताट पुढे ओढलं.

मी विचार करत होते, आणि विचार बिलाचाच होता. दादांना सत्य सांगितलं की कुणाल सुटतो. पण दादा ते मोठ्या आवाजात सगळ्या गोदामाला ऐकवतील, आणि आपली आई दिवसभर आपल्यावर डोळा ठेवून असते हे त्याला हमालांच्या तोंडून कळेल. न सांगावं तर नाशिकची गाडी. टीव्हीतलं सेटिंग बदलून गप्प राहावं, तर शंका त्याच्या अंगाला कायमची चिकटून राहील. तिन्ही रस्ते त्याच्या अंगावरून जात होते आणि तो बिचारा मांदेली खात होता. मग मला वाटलं, त्याच्याबद्दल सगळे सगळं ठरवतात, त्यालाच कुणी काही विचारत नाही. मी फोन लावला. आईंनी माझं मनगट धरलं, पण जोर लावला नाही.

आवाज लगेच आला. पडद्यावरचा कुणाल अजून जेवत होता. चित्र आवाजाच्या मागून येत होतं. मी त्याला सगळं सांगितलं, बिल, दादा, सोमवार, टीव्ही. पडद्यावर त्याने हात पुसून फोन कानाला लावला तोवर माझं निम्मं बोलून झालं होतं. तो रागावेल याची मी तयारी ठेवली होती.

"मना म्हायत हाय," तो म्हणाला. "लडकूनं पयल्याच दिवशी सांगलेला."

मी त्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघितलं, तिरक्या धरलेल्या कप्प्यांकडे बघितलं. आणि एकदम मला आमचं स्वयंपाकघर आठवलं, रोज संध्याकाळी तो हात धुवायच्याही आधी इतक्या जवळ येऊन का उभा राहतो, तोंड माझ्या तोंडासमोर धरून 'आयलो' का म्हणतो. मी पिशवीकडे बघत चोरून घेत होते ते तो स्वतःहून देत होता. मला इतकी शरम वाटली की मी आईंकडेही बघू शकले नाही. शरमेच्या खाली आनंदही होता, आणि तो मी लपवत नाही.

"दादाला मी सांगतो," तो म्हणाला. "तू न्हाय, मीच सांगतो. आईनं बघितला म्हणून बिल आयला, त्यात काय लपवाचा." पलीकडे एक ट्रक मागे येताना वाजत होता. "टीव्ही बंद करनार काय?"

"करावा लागेल."

"मंग मी जेवाला कुठं बसू?"

हे त्याने थट्टेने विचारलं नव्हतं. पडद्यावर त्याचे ओठ अजून हलले नव्हते. आईंचा घास हातात तसाच होता. त्यांनी विचारलं, "काय बोलतो?"

"जेवायला कुठं बसू म्हणून विचारतोय," मी म्हटलं. "तुम्ही बघता हे त्याला पहिल्यापासून माहीत आहे."

आई पडद्याकडे बघत राहिल्या. आता तो बोलताना दिसत होता, जे मी मघाशीच ऐकलं होतं ते. तो बोलला आणि मान वर करून सरळ आमच्याकडे बघू लागला, उत्तराची वाट बघत. आईंनी घास खाल्ला, चावून संपवला, पदराने तोंड पुसलं.

"तितंच बस म्हन त्याला," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. मग रिमोट घेतला आणि पंधरा चौकटी बंद केल्या.